परत घ्यावयाच्या अक्षता

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावात हरिनाम सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते आणि त्याच मांडवात सामुदायिक विवाह लागतात. यंदा फलकावर ‘अकरा शुभविवाह’ असे छापले होते. साहेबांची वेळ मिळाली, बुंदी पाडून झाली, आणि सकाळी कळले की दिंद्रुडचे जोडपे दुसऱ्या साहेबांच्या सोहळ्याला गेले. तिथे आहेरात कपाटाबरोबर कूलर होता.

फलक बदलता येत नव्हता, कारण त्यावर साहेबांचा फोटो होता. म्हणून अकरावे जोडपे शोधणे सप्ताह समितीला भाग पडले.

तेवढ्यात गावातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बबिता आणि अंजू पुढे आल्या. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब धरतात. सुग्रीव मुकादमाने कैक हंगाम या दोघींचा मिळून एक कोयता धरला होता, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

“काका, आमचं लावा की लगीन,” बबिता म्हणाली. “न्हाईतर भाऊ मला गेवराईला देतोय. बोलणी झालीत.”

“कुणासंगं लावायचं?” अध्यक्ष बंकटरावांनी विचारले.

“अंजूसंगं.”

“आगं, कायद्यात बसतंय का हे?”

समितीला कायदा आठवला, ही घटना ऐतिहासिक होती. गेल्या साली नवरीचा जन्मदाखला मागणाऱ्याला याच समितीने पंगतीतून उठवले होते.

“बरं, नवरा कोण?”

“कोयता धरताना इचारलं न्हाई कुणी,” अंजू म्हणाली.

“मुकादम, तुमी सांगा. नवरा कोण वाटतंय?”

सुग्रीवने डोके खाजवले. “एक दिस ही तोडती, ती मोळी बांधती. दुसऱ्या दिशी उलटं. मला ऊस दिसतो, नवरा न्हाई दिसत.”

या मुद्द्यावर उपसमिती नेमावी असे ठरले.

“काका,” अंजू म्हणाली, “परवाच्या कीर्तनात महाराज गौळण होऊन कान्हासाठी रडले. महाराजांना केवढ्या मिशा हायत! तुमी बी लई रडलात. तवा न्हाई नेमली उपसमिती.”

“ती भक्ती हाय पोरी!”

“मंग हे काय हाय?”

ती गौळण आठवून अध्यक्षांचे डोळे पुन्हा भरले. परवाचे ते गाणे होतेच तसे. टाळकरीसुद्धा ठेका चुकले होते. भरल्या डोळ्यांनी निर्णय घेऊ नये, असा समितीचा दंडक आहे. पण बाहेर साहेबांच्या गाडीचा भोंगा वाजला.

उपसमितीचा अहवाल येईपर्यंत दोघींनाही फेटा बांधावा आणि दोघींनाही मुंडावळ्या घालाव्यात, असा ठराव झाला. अंतरपाट धरला. महाराजांनी मंगलाष्टके अशी लावली की साक्षात पांडुरंग वऱ्हाडात आल्यासारखा वाटला. अक्षतांचा पाऊस पडला. साहेबांनी जोडपी मोजली, अकरा भरली, आणि भाषण ठोकले, “या जोडप्यांचा आदर्श अख्ख्या महाराष्ट्राने घ्यावा!” टाळ्या झाल्या. पंगती बसल्या.

साहेब गेले, आणि समितीला कायदा पुन्हा आठवला. लाउडस्पीकरवरून बंकटरावांनी घोषणा केली :

“सर्व भाविकांस कळविण्यात येते की, अकराव्या जोडप्यावर टाकलेल्या अक्षता तात्पुरत्या स्वरूपाच्या होत्या. ज्यांनी टाकल्या त्यांनी आपापल्या वेचून न्याव्यात. शेवटचा दाणा उचलेपर्यंत विवाह कायम समजण्यात येईल.”

सगळा गाव ओणवा झाला.

“आरं, हा दाणा तिसऱ्या जोडप्याचा हाय, ठेव खाली! त्यांचं मोडशील!”

“माझ्या जरा पिवळ्या हुत्या.”

“तुमी तर टाकल्याच न्हाईत, मामा. नुसता हात हलवला. बघत हुतो मी.”

सुग्रीव पुटपुटत होता, “चांगला कोयता मोडायलेत.” पण वेचत होता. बंकटरावही वेचत होते. मधूनच उपरण्याने डोळे टिपत होते. ज्याने त्याने आपापल्या खिशात घातल्या आणि घर गाठले.

मांडवात आता थोडे दाणे उरलेत. ते तुमचे. नाही म्हणू नका. तुम्ही पंगतीत दोनदा बुंदी मागून घेतली, समितीने पाहिले आहे. दोघी फेटे बांधून अजून पाटावर बसल्या आहेत, आणि बबिताचा भाऊ गाडी चालू ठेवून तुमची वाट बघतो आहे.

येता का वेचायला?