बोटीवरचे तेवीस आक्षेप

माझ्या सासूबाई तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहतात. रस्त्याने वळसा घालून जायचं तर बसने अडीच तास लागतात. हे तळं ज्याने कुणी बांधलं तो मोठा दूरदृष्टीचा माणूस असला पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत आहे. (हे मत मी घरात बोलून दाखवलेलं नाही. घरात मी फारशी मतं बोलून दाखवत नाही.)

त्या दिवशी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "अहो, धक्क्यावर एक जुनी मोटरबोट विकायला आलीय. घेऊन टाकू या. आई वीस मिनिटांवर येईल."

मला ठसका लागला. पण तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही. म्हणून मी बेत केला की, किंमत इतकी पाडून मागायची की मालकाने आपल्याला धक्क्यावर उभंसुद्धा करू नये. बोट मिळणार नाही, आणि नवऱ्याने प्रयत्न केला नाही असंही कुणी म्हणणार नाही.

बोटींचा दलाल धक्क्यावरच पत्र्याच्या खोलीत बसायचा. त्याचा एक नियम होता: व्यवहार ठरेपर्यंत विकणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला सांगायचं नाही, आणि घेणाऱ्याचं विकणाऱ्याला नाही. "नावं कळली की माणसं परस्पर भेटतात, भाऊ. मग आम्ही काय माशा मारायच्या?" तो म्हणाला.

दलालाने बोट चालवून दाखवली आणि मी मालकाच्या किमतीच्या एक चतुर्थांश रक्कम सांगितली. दलालाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाव किंमत?"

"पाव."

"मग कारणं लेखी द्या. तोंडी सांगितलं तर मालक मलाच मारतील."

लेखी! हे म्हणजे बदकाला पोहायला सांगण्यासारखं झालं. गेली एकोणीस वर्षं मी ऑफिसात एकच काम करतो: आलेल्या अर्जात खोट काढायची आणि तो परत पाठवायचा. घरी कॉम्प्युटरवर बसलो आणि एका बैठकीत तेवीस आक्षेप टाइप केले. 'क्र. ७: आसनांचा रंग पाहता, मालकाने तो डोळे मिटून निवडला असावा असे निदर्शनास येते. क्र. १५: इंजिन पाचव्या झटक्याला सुरू होते व लगेच पश्चात्ताप होऊन बंद पडते. सबब प्रस्ताव फेरविचारार्थ परत.' असं सगळं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर होता, त्यामुळे शब्द कसे भराभर सुचत होते!

बायको मागून वाचत होती. "किती मनापासून प्रयत्न करताय हो," म्हणून तिने मला आणखी एक कप चहा दिला. मला थोडी लाज वाटली. चहा प्यायलो.

दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर हेडक्लार्कच्या बढतीची फाइल पडून होती आणि तीत सेवाज्येष्ठतेने माझं नाव पहिलं होतं, त्यामुळे मी भांग वगैरे पाडून गेलो. साहेबांच्या हातात माझे तेवीस आक्षेप होते.

"वाचा," साहेब म्हणाले. "मोठ्याने."

मी वाचलं. आसनांच्या रंगावरून मी घाईघाईने पुढे सरकलो. इंजिनचा पश्चात्ताप साहेबांनी दोनदा वाचायला लावला.

"माझी बोट आहे ती," साहेब म्हणाले. "आणि बोटीबद्दल 'सबब प्रस्ताव फेरविचारार्थ परत' असं जगात कोण लिहितं? हा माणूस आपल्याच ऑफिसातला आहे. संध्याकाळपर्यंत मला त्याचं नाव हवंय."

"कु... कुणावर संशय आहे का, साहेब?"

"तुमच्या शेजारच्या टेबलावरचा तो मुखदुर्बळ. गप्प माणसंच आतून अशी असतात."

दिवसभर मी स्वतःचा शोध घेत फिरलो. दलालाला फोन करून म्हटलं, ऑफर मागे घेतो. तो म्हणाला, "लेखी द्या." मी फोन ठेवला. शेजारी मुखदुर्बळ डबा उघडून शांतपणे जेवत होता. गरीब बिचारा. गप्प बसलो तर बढती माझी होती. पण माझ्या पापाची शिक्षा त्याला भोगायला लावणं मला काही जमेना. मी भित्रा आहे, पण इतका नाही. पाच वाजता मी केबिनमध्ये शिरलो आणि डोळे मिटून म्हणालो, "साहेब, तो माणूस मीच."

डोळे उघडले तर साहेब हसत होते. इतके, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

"तुम्ही? अहो, एकोणीस वर्षांत तुमचा एक कागद मी दुरुस्त न करता पुढे पाठवलेला नाही! आणि हे बघा. तेवीस मुद्दे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक मुद्दा खरा. असा माणूस ऑफिसात असताना मी हेडक्लार्क शोधत बसलोय!"

"साहेब, शपथेवर सांगतो..."

"पुरे. सहकाऱ्यावरचं बालंट स्वतःवर घ्यायला निघालात. मन मोठं आहे तुमचं." साहेबांचे डोळे खरोखरच पाणावले होते. "मला ती बोट काढायचीच आहे. तुम्हाला हवी असेल तर त्याच पाव किमतीत घेऊन जा."

त्यांनी मुखदुर्बळाला आत बोलावून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत ना?" त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि गोड लाजला.

सोमवारी तो हेडक्लार्क झाला. बोट ताब्यात घ्यायला मी एका दिवसाची रजा मागितली, तर माझा अर्ज सहा आक्षेपांसह परत आला. ते सहाच्या सहा बायकोने घरी मोठ्याने वाचले आणि ती म्हणाली, "याला म्हणतात लिहिणं! जरा शिका त्यांच्याकडून."