राणीच्या उलटीचा पंचनामा

सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली आणि बाहेरून "म्याडम, सहीला चला" असा आवाज आला, की मी समजते, राणी ओकली. मग चहाखालचा गॅस बंद करायचा, चष्मा लावायचा आणि शेजारच्या अंगणात जायचं. तिथं कारभारीनाना उकिडवे बसलेले असतात. समोर उलटी, हातात लिंबाची काडी, गुडघ्यावर दोनशे पानी वही. पलीकडे राणी, म्हणजे त्यांची तपकिरी गावठी कुत्री, या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं बसलेली.

"पंच हजर?" नाना विचारतात.

पंच म्हणजे मी आणि समोरच्या घरातले मजीदभाई. आम्ही हजर म्हणतो. मग नाना काडीनं एकेक जिन्नस वेगळा करत लिहितात: 'गवत, न चावलेलं. कोंबडीचं हाड, एक. दुधाच्या पिशवीचा कोपरा. केसाला लावायचं रबर, लाल.' खाली आम्ही दोघांनी सह्या करायच्या. सह्या झाल्याशिवाय उलटीवर पाणी ओतायला बंदी. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे ते ओतायची घाई तशी कुणालाच नसते, पण तरी.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर कुत्रीच्या ओकारीवर सह्या करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

नाना देवगाव रंगारीकडचे. घरी मेंढरं होती, पण हे शिकले आणि जकात नाक्यावर लागले. ट्रकमधल्या पोत्यांत लोखंडी गज खुपसायचा आणि आत खरंच ज्वारी आहे की आणखी काही, हे बघायचं, ही त्यांची नोकरी. पुढं जकात बंद झाली, नाके उठले, नानाही निवृत्त झाले. नानांच्या आतला नाका मात्र चालूच राहिला. तसाच एक गज अजून त्यांच्या दारामागं असतो. तो भाजीवाल्याच्या गाड्यावरच्या मेथीत जातो, वाण्याकडून आलेल्या तांदळात जातो, आणि एका दिवाळीत माझ्या चिवड्याच्या डब्यातही गेला होता. "आत काय हाय?" हे त्यांचं पालुपद. गल्लीतल्या एका मुलीचा नवरा पहिल्यांदा सासुरवाडीला आला, तर नानांनी त्याला वरून खालून न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वरून बरा दिसतो म्याडम. आत काय हाय, कुनाला म्हाईत?"

राणी खरं तर सुमनवहिनींची, म्हणजे नानांच्या बायकोची. वहिनी एकदा खुलताबादला गेल्या आणि परतताना जीपमधून पदरात एक पिल्लू घेऊन आल्या. तेव्हा नानांनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. चौदाव्या दिवशी मी डोकावले, तर राणी नानांच्या सतरंजीवर झोपलेली आणि नाना खाली फरशीवर.

आता गावठी कुत्रं म्हटलं की ते रस्त्यावर जे दिसेल ते खाणार आणि अधूनमधून ओकणार. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. फक्त नानांसमोर बोलायची सोय नाही. एकदा सही करता करता मजीदभाई सहज म्हणाले, "अजी नाना, कुत्ता है. बाहर का कुछ खाया होगा."

नाना उठून उभे राहिले. "असं म्हनायचं नाय मजीदभाई. दुसरं काई बी म्हना. हे नाय." वही मिटून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मजीदभाई माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपल्या पहाऱ्यात कमी पडलो असं कुणी म्हटलेलं माणसाला सोसत नसेल. माझा हिशोब चुकला होता, पण ते पुढं कळलं.

मध्यंतरी त्यांनी एक उलटी लोणच्याच्या बरणीत भरली, झाकणाला दोरा गुंडाळून त्यावर लाखेचं सील मारलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली. पंच म्हणून मलाही नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बऱ्याच धीराच्या निघाल्या. बरणी न उघडताच त्यांनी समजावलं. कुत्रं आधी गिळतं, चव वगैरे नंतर. उकिरड्यावरचं शिळं, हाड, प्लास्टिक, सगळं एका झटक्यात आत. पोटाला पटलं नाही की ते बाहेर काढतं. एकदा ओकून पुन्हा शेपूट हलवायला लागलं तर घाबरायचं कारण नाही. पण पुन्हा पुन्हा ओकलं, मलूल पडलं, पाणी ठरेना, रक्त दिसलं किंवा काही विषारी खाल्ल्याची शंका आली, तर वाट बघायची नाही, लगेच आणायचं.

"म्हंजी हिच्या पोटातच नाका हाय," नाना खूश होऊन म्हणाले.

रिक्षातून परतताना मात्र म्हणाले, "नाक्यावरचा मानूस चुकतो म्याडम. म्या पाह्यलंय." मी हो म्हटलं आणि बरणी मांडीवर घट्ट धरून बसले.

मग ती एकादशी आली. मी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली आणि ती इतकी गिच्च झाली की चमचा उभा राहिला. मी एकटी राहते, खाणार किती? टाकून द्यायला मन होईना, म्हणून मागच्या भिंतीपलीकडे ठेवली. राणीनं ती एका दमात संपवली. मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला कडी वाजली.

"पांढरे गोल दाने," नाना काडीनं उलगडत म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "चिकट. म्याडम, ह्ये औषध हाय. कुनीतरी घातलंय हिला."

मी एका नजरेत ओळखलं. त्यात माझी मिरचीही दिसत होती. पण तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माझी जीभ काही हलेना. मी मुकाट्यानं सही केली. माझ्याच खिचडीच्या पंचनाम्यावर मीच पंच.

मजीदभाई पेन घ्यायला पुढं झाले, तर नानांनी वही मागं घेतली. मजीदभाईंची शहरात नानची भट्टी आहे. तिथं मैद्याची पोती, म्हणून उंदीर, आणि म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात उंदरांचं औषध आणलं होतं. हे त्यांनीच नानांना हसत हसत सांगितलं होतं.

"ज्याच्यावर संशय, तो पंच कसा व्हईल?" नाना म्हणाले.

मजीदभाईंचा चेहरा पडला. "नाना, मैं? रानी को?" एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

राणी तासाभरात उड्या मारू लागली होती, पण ते कोण बघतो? नाना संध्याकाळी मजीदभाईंच्या ओट्यावर चहाला जायचे, ते बंद झालं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मजीदभाईंच्या पत्नी रिझवानाभाभी राणीसाठी दारात पाण्याचं भांडं ठेवायच्या, त्यांनी ते उचललं. मला म्हणाल्या, "नक्को बाजी. कल को बोलेंगे पानी में कुछ मिलाया." गल्लीत कुजबुज सुरू झाली. मी खिडकीतून सगळ्यांकडे संशयानं बघायला लागले, कुणी माझ्याकडे संशयानं बघतंय का म्हणून. तिसऱ्या दिवशी वाणी सहज म्हणाला, "म्याडम, साबुदाना नाय का आज?" आणि माझ्या हातातली पिशवी पडली.

चौथ्या दुपारी मी गेले. नाना पलंगावर बसले होते, राणी पायाशी.

"नाना, ते औषध नव्हतं. माझी खिचडी होती. मीच ठेवली."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढली, पेन्सिल घेतली. "किती?"

"एक वाटी. मोठी."

"शेंगदाने भाजलेले का कच्चे?"

"भाजलेले."

"तूप का त्याल?"

"तूप. नाना, मला माफ करा. पण आधी मजीदभाईंकडे जा हो."

ते लिहायचे थांबले. राणीच्या कानामागं बोट फिरवत राहिले. मला वाटलं, आता गज निघतो.

"सुमन रोज सकाळी ओकायची," ते म्हणाले. "दोन महिने. म्या पेपर वाचीत ऱ्हायचो. पहिल्या दिशी म्हनलो, कन्नडच्या बाजारात भजी खाल्ली असतील. बाहेरचं खाल्लं असंल. दुसऱ्या दिशी बी त्येच. ती म्हनायची, व्हय, तसंच असंल. मला बरं वाटावं म्हून म्हनायची. दवाखान्यात नेली तवा डॉक्टर म्हनले, लई उशीर केला." त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली. "सव्वीस वर्षं म्या एक पोतं तपासल्याबिगर सोडलं नाय म्याडम. घरात एकदा इचारलं नाय, कवापासून व्हतंय म्हून."

राणी उठून त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

त्या संध्याकाळी नाना वही घेऊन समोर गेले. पायरीवर उभे राहून त्यांनी माझा जबाब मोठ्यानं वाचला, शेंगदाण्यांसकट. मग म्हणाले, "चूक माझी हाय." मजीदभाईंनी वही घेतली, त्या दिवसाच्या पानावर राहिलेली सही केली आणि आत वळून चहा सांगितला. रिझवानाभाभींनी भांडं बाहेर ठेवलं. गल्लीनं मात्र मला महिनाभर साबुदाण्यावरून छळलं. ते बरोबरच होतं.

गेल्या आठवड्यात मी एका लग्नाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ओकत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात नाना, हातात वही. मागं मजीदभाई.

"भिताडापलीकडून आवाज आला," नाना म्हणाले. "ओकल्या?"

"काही नाही हो. लग्नात बाहेरचं..."

नानांच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले. माझा मुलगा पुण्याहून दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, आई, बरी आहेस ना? मी बरी आहे म्हणते. त्याचाही दोष नाही. पण कधीपासून, असं मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"कवापासून?" नानांनी विचारलं.

"काल रात्रीपासून. चारदा." मला एकदम रडू आलं.

त्यांनी लिहून घेतलं. "पानी ठरतं का पोटात?"

"नाही."

"मजीदभाई, रिक्षा." मजीदभाई चप्पल फटफटवत कोपऱ्याकडे धावले.

रिक्षात बसताना वही समोर आली, म्हणून मी सवयीनं पेनासाठी हात पुढं केला. नानांनी वही मागं घेतली.

"तुमी नाय," ते म्हणाले. "आज तुमी पंच नाय. मजीदभाई करतील सही. तुमी टेकून बसा."

मी टेकून बसले.