नारळ ज्याच्या हाती

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या 'श्रीसमृद्धी' या सहा मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ आली की कण्हत असे. आधी एक बारीक कर्रर्र, मग विचारात पडल्यासारखा थांबा, आणि मग पुढचा प्रवास. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट; तिच्या वयाला ते शोभतही होतं. या आवाजाची नोंद रहिवासी संघाच्या दफ्तरी रीतसर झालेली होती. ती अशी: 'लिफ्ट आपल्याशी संवाद साधते.'

ही नोंद शैला दातार यांची होती.

शैलाताईंनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, सगळी नोकरी काढली. रंग, रबर, वंगण, जे समोर येईल त्याचा नमुना तपासायचा आणि खाली एक शब्द लिहायचा: पास किंवा नापास. त्या बहुधा दुसरा लिहीत. त्यामुळे कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाजवळची खुर्ची नेहमी रिकामी असे, आणि निरोप समारंभात त्यांच्याबद्दल बोलायला उठलेल्या साहेबांनी बराच वेळ हवामानाबद्दल सांगितलं.

निवृत्तीनंतर त्या गिंडीला एका कार्यशाळेला गेल्या. विषय होता 'सामर्थ्याधारित सहभागी विकास'. काय बिघडलंय असं विचारलं की माणसं भांडतात, काय चांगलं चाललंय असं विचारलं की फुलतात, असं तिथे रंगीत कार्डांच्या मदतीने सिद्ध करण्यात आलं. मग प्रशिक्षकाने शैलाताईंकडे वळून विचारलं, "तुमचं सर्वांत मोठं बलस्थान कोणतं?" असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. प्रशिक्षकाने ते अश्रू पिवळ्या कार्डावर 'संवेदनशीलता' म्हणून लिहून भिंतीवर लावले. शैलाताई त्या क्षणी पास झाल्या.

त्यांनी ही पद्धत इमारतीत आणली. तोवर संघाच्या बैठका पार्किंगवरून सुरू होत आणि तमिळ, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत जात. शैलाताईंनी नियम घातला की प्रत्येकाने बोलण्याची सुरुवात 'छान काय आहे तर' अशीच करायची. ज्याच्या हातात नारळ असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नारळ निवडण्यामागे विचार होता. चेन्नईत नारळाचा मान राखत नाही असा माणूस सापडणं कठीण. आणि तिसरा नियम, उत्तर आपल्यातच असतं. बाहेर मदत मागायला धावणं हा आपल्या सामर्थ्याचा अपमान.

बैठका शांत झाल्या. शैलाताई जिन्यात दिसल्या की लोक थांबून हसू लागले. शेजारची खुर्ची कधी रिकामी राहीना. असं झाल्यावर कोण माणूस थांबेल?

लिफ्टमधली धोक्याची घंटा फार कर्कश होती. 'धोका' हा शब्दच नकारात्मक, असं एकमताने ठरून तिथे सनईसारख्या नादस्वरमची मंगल धून बसवली. ती इतकी गोड निघाली की बैठकीला बोलावण्यासाठीही तीच वाजवू लागले. लिफ्टच्या आत दुरुस्ती कंपनीच्या फोन नंबरची पाटी होती. तिच्यावर शैलाताईंनी इमारतीचा 'सामर्थ्य-नकाशा' चिकटवला. चिकटवताना मात्र त्यांच्यातली रसायनतज्ज्ञ जागी झाली. इथली दमट हवा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा घाम यांना पुरून उरेल असं एपॉक्सी त्यांनी मुद्दाम शोधून आणलं.

त्या रविवारी सकाळी त्या लिफ्टने खाली निघाल्या तेव्हा आत अंबुजाअक्का होत्या. अक्का तंजावरकडच्या, सहाव्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"अगे शैला, सुई टोचून घेतली आणि बघतें तर इडलीचें पीठ फसफसून वर आलेलें," अक्का म्हणाल्या. "अय्यो! आतां ताजें आणतें, दोन इडल्या पोटांत घालतें, मग बोलूं."

"इन्सुलिन घेतलंत आणि काहीच खाल्लं नाहीत?" शैलाताईंनी विचारलं.

अक्का उत्तर देणार तोच लिफ्टने संवाद साधला. कर्रर्र झालं, थांबा झाला, आणि या खेपेला पुढचा प्रवास झाला नाही.

लिफ्ट तिसरा मजला जवळपास ओलांडून खाली अडकली होती. वरच्या बाजूला हात जेमतेम जाईल एवढी फट राहिली होती आणि तिच्यातून तिसऱ्या मजल्याची फरशी दिसत होती. मोबाइलला रेंज नव्हती. शैलाताईंनी नकाशाचा कोपरा नखाने उचकटून पाहिला. नख तुटलं. एपॉक्सी उत्तम प्रतीचं होतं, याबद्दल त्यांना खात्री होतीच. मग त्यांनी घंटेचं बटण दाबलं.

मंगल धून वाजली. इमारतीतली दारं पटापट उघडली, आणि माणसं नेहमीसारखी तिसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत हातात खुर्च्या घेऊन आली.

फटीतून आधी चपला दिसल्या, मग खुर्च्यांचे पाय. त्यातले काळे बूट तन्मयचे होते. हा सिरुसेरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा शैलाताईंचा सर्वांत हुशार शिष्य. बैठका आता तोच चालवायचा.

"तन्मय, आम्ही अडकलोय," शैलाताई ओरडल्या. "लिफ्टवाल्यांना फोन कर!"

तन्मय गुडघ्यांवर बसून फटीशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आंटी, सगळे ऐकतायत. तुमच्या हातात नारळ नाहीये."

"मग दे नारळ!"

तन्मयने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. नारळ उभा केला, आडवा केला, शेंडी आत घालून पाहिली. नारळ फटीतून जाईना. यावर वर चर्चा झाली. फटीतून जाईल असं काही, उदाहरणार्थ लिंबू, वापरावं असं कुणीतरी सुचवलं. पण नियमात नारळ लिहिलं होतं, आणि नियम शैलाताईंचे होते. त्यांच्याच पाठीमागे ते बदलणं कुणाला प्रशस्त वाटलं नाही. अखेर संघाचे अध्यक्ष संताजीराव, तेही तंजावरकडचे आणि बँकेतून निवृत्त झालेले, यांनी मधला मार्ग काढला. शैलाताईंनी हात वर करून फटीतून नारळाला बोट लावावं. बोट टेकलेलं असेपर्यंत त्यांना बोलता येईल.

शैलाताई टाचा उंचावून उभ्या राहिल्या आणि बोट टेकवलं. "लिफ्ट बंद पडलीये. अक्कांनी इन्सुलिन घेतलंय आणि–"

"सुरुवात, आंटी," तन्मय अजिजीने म्हणाला.

अक्कांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसल्या. शैलाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"छान काय आहे तर," त्या म्हणाल्या, "अक्कांनी इन्सुलिन घेतलंय."

वर टाळ्या पडल्या. "शिस्त!" संताजीराव म्हणाले. "या वयांत! लिही तन्मय, लिही."

"छान काय आहे तर, अक्कांच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येतेय."

टाळ्या वाढल्या. 'ज्येष्ठांचे आरोग्य: शर्करा नियंत्रणात' असं कार्ड तयार झालं.

शैलाताईंनी आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता. आत्ताही त्यांचं प्रत्येक विधान तपासून घ्यावं असं होतं. "छान काय आहे तर, ही साखर अशीच उतरत राहिली तर थोड्या वेळात अक्कांना कसलीच चिंता उरणार नाही. कायमची."

या वाक्याने सभा हेलावली. संताजीरावांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. गाण्याच्या शिक्षिका श्रीरंजनी उठून उभ्या राहिल्या आणि नारळ मागून घेऊन म्हणाल्या, "छान काय आहे तर, आपल्या इमारतीत इतकं शांतपणे म्हातारं होता येतं." मग त्यांनी अक्कांसाठी आलापी सुरू केली. आवाज खरोखरच सुरेख होता.

"ती पोरगी काय गातें?" अक्कांनी डोळे मिटूनच विचारलं. जीभ जरा जड झाली होती. "माझें बारावें आज आहे कां?"

"बोलू नका अक्का. तुमच्याकडे काही गोड आहे का? गूळ, साखर, काहीही?"

"शुगर पेशंटाला विचारतेस?"

शैलाताईंनी आपली पिशवी उलटी केली. रंगीत कार्डं, स्टिकर, मार्कर पेन आणि हसऱ्या चेहऱ्यांचे बिल्ले खाली पडले. विकासाचं सगळं साहित्य होतं. खाण्याजोगं काही नव्हतं.

वर पद्धतीची दुसरी पायरी, 'स्वप्न', सुरू झाली होती. भविष्यातली लिफ्ट कशी असेल याचं चित्र प्रत्येकाने डोळ्यांसमोर आणायचं होतं. कुणाला तिच्यात आरसा दिसला, कुणाला गारवा. लिफ्टविषयीची सामर्थ्यं आपल्यात कुणाकडे आहेत, असं तन्मयने विचारल्यावर संताजीराव म्हणाले की बँकेत ते रोज लिफ्टनेच जात. त्यांची तज्ज्ञ म्हणून नोंद झाली.

"तन्मय!" शैलाताईंनी नियम सोडून हाक मारली. "मी तुला हात जोडते. कुणालातरी बोलाव!"

तन्मय पुन्हा वाकला. त्याचा चेहरा उतरला होता. मुलगा मनाने चांगला होता. "आंटी, मला पण वाटतं हो. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, घाबरलेला माणूस पद्धत सोडायला सांगतो, तेव्हाच पद्धतीवर विश्वास ठेवायचा. मी ते माझ्या लॅपटॉपवर चिकटवलंय."

हे त्या खरंच म्हणाल्या होत्या. त्या दिवशी टाळ्याही मिळाल्या होत्या.

"बैठक संपल्यावर काय आहे रे?" शैलाताईंनी एकदम विचारलं.

"रवा केसरी, आंटी. श्रीरंजनी आंटींनी केलाय. पण तो अभिप्रायाचं कार्ड भरल्यावर. तो पण तुमचाच नियम."

केसरी. रवा, तूप आणि भरपूर साखर. शैलाताईंनी खाली बसून पसाऱ्यातून अभिप्रायाचं कार्ड ओढलं. अक्कांचा हात हातात घेतला; तो थंड आणि ओला होता. कार्डावर चार प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: चांगलं, खूप चांगलं, अविस्मरणीय. चौथा रकाना ठेवायचा का यावर एकदा चर्चा झाली होती आणि शैलाताईंनीच तो काढून टाकला होता. त्यांनी चारही ठिकाणी 'अविस्मरणीय'वर खूण केली, सही केली आणि कार्ड फटीतून वर सरकवलं.

वरून जल्लोष ऐकू आला. मग फटीतून केळीच्या पानात गुंडाळलेला केसरी आला.

शैलाताईंनी तो बोटाने अक्कांना भरवला. अक्का आधी नुसत्याच तोंडात धरून बसल्या. मग गिळू लागल्या. पान संपलं तेव्हा वर खुर्च्यांचे आवाज येत होते. यशस्वी बैठक संपली होती आणि माणसं घरी निघाली होती.

"तन्मय! अरे, आम्ही अजून आत आहोत!"

पण आता नारळ जागेवर नेऊन ठेवला होता, आणि नारळ जागेवर असताना कुणाचंच बोलणं मोजत नसत. संताजीरावांनी नेहमीप्रमाणे जाताना वीज वाचवायला तळमजल्यावर जिन्याचा आणि लिफ्टचा मेन स्विच बंद केला. लिफ्टमध्ये अंधार झाला. मग श्रीरंजनींना केसरीचा डबा वरच राहिल्याचं आठवलं, म्हणून संताजीरावांनी स्विच पुन्हा लावला. दिवा लागला, लिफ्ट दचकली आणि काहीही न बोलता थेट तळमजल्यावर जाऊन उभी राहिली.

दार उघडलं. संताजीरावांनी दोघींना पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "पाहिलंत?" ते म्हणाले. "उत्तर आपल्यातच होतें!"

अक्का शैलाताईंच्या खांद्याला धरून बाहेर आल्या. पुढे त्यांनी पाऊल टाकलं नाही. आधी शैलाताईंकडे वळल्या. "पोदुम, अगे. पुरे झालें," त्या म्हणाल्या. "तो तुझा नारळ एकदां फोड तरी. आंत पाणी आहे कीं कुजलाय, तेवढें तरी कळूं दे."

अक्का दुपारी चार जणांनी उचललेल्या खुर्चीवरून जिन्याने वर गेल्या. तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. संघाच्या अहवालात याची नोंद आहे: 'ज्येष्ठ नागरिक घराला अधिक वेळ देऊ लागले आहेत.' लिफ्ट अजूनही तिसऱ्या मजल्याजवळ संवाद साधते. शैलाताईंचं 'अविस्मरणीय' कार्ड काचेच्या चौकटीत लावलं आहे, आणि ते पाहून आसपासच्या इमारतींनीही ही पद्धत घेतली. प्रत्येक ठिकाणी शैलाताईंना बोलावतात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उठून त्यांना आपली खुर्ची देतं.

वार्षिक सभेत त्यांचा सत्कार झाला. शाल झाली, हार झाला, आणि नारळ त्यांच्या हातात आला. सगळे ऐकत होते. शैलाताईंनी सवयीने तो कानाशी नेऊन हलवला. पाण्याचा आवाज आला नाही. नाकाशी नेला. प्रयोगशाळेत घडलेलं नाक होतं. दुसऱ्या चाचणीची गरज नव्हती. एक शब्द ओठांशी आला, पूर्वी रोज लिहीत होत्या तो. तो बाहेर पडला असता तर लिफ्ट दुरुस्त झाली असती आणि अक्का कदाचित पुढच्या आठवड्यात खाली आल्या असत्या.

शैलाताईंनी समोर पाहिलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि सगळे त्यांच्याकडे पाहून हसत होते.

"छान काय आहे तर," त्या म्हणाल्या, आणि थोडं बोलून नारळ पुढच्या माणसाकडे दिला. त्याने वास घेतला, शैलाताईंकडे पाहिलं, आणि तोही छान बोलला. तिथून तो हातोहात फिरत राहिला.

आता तो तुमच्याकडे आलाय. घ्या. बोला. सुरुवात कशी करायची ते तुम्हांला ठाऊक आहेच.