दोन साडू, एक टर्बो

"राजकुमारदाजी गाडी विकायलेत म्हणं," भाकरी थापता थापता सुलेखानं सांगितलं. "ताईचा फोन आलता. तुमचा एवढा जीव अडकलाय तर तीच घ्या की."

बुद्धभूषणचा घास तोंडाशीच थांबला. "साडूची उतरलेली गाडी? मी? त्यापेक्षा बैलगाडी घेईन."

"बैल कुठं बांधायचे? पार्किंगमध्ये?"

बुद्धभूषणचं वय सत्तेचाळीस. चितेगावच्या एका कंपनीत तो माल तपासायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यानं नाशिकहून एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आणली होती. पांढरीशुभ्र, बुटकी, लांब नाकाची. हर्सूलच्या त्याच्या गल्लीत ती वळली की दाढी करणारे तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर यायचे. खोट एकच होती. गाडी दिसायची बिबट्यासारखी आणि पळायची पोस्टमनच्या सायकलीसारखी. कारण ती साधी होती. हिचीच एक टर्बो यायची. अंगकाठी तीच, काळीज दुप्पट. अख्ख्या शहरात तशी एकच होती, लाल रंगाची, आणि ती नेमकी सिडकोत राजकुमारच्या दारात उभी असायची.

राजकुमार म्हणजे सुलेखाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मेव्हण्याच्या लग्नात राजकुमारला आहेर आला सफारीच्या कापडाचा आणि बुद्धभूषणला नुसता शर्टपीस. त्यावर राजकुमार सगळ्यांदेखत म्हणाला, "भूषणरावांना तेवढं पुरतं." झालं. तेव्हापासून सहा वर्षं दोघं साडू एकमेकांशी बोलत नव्हते. सुलेखा आणि तिची ताई मात्र रोज तासभर बोलून दोघांचाही कोटा भरून काढायच्या.

"मी हीच गाडी टर्बो करणार," बुद्धभूषणनं जाहीर केलं. "एकेक पार्ट बदलीन. विकत काय, कुणीबी घेतंय. घडवायला डोकं लागतं."

"डोकं लागतं, मग निजामभाईंकडंच जा," सुलेखा म्हणाली.

निजामुद्दीनचं गॅरेज शहागंजात, मंडईच्या मागं. पान खाणं, ऐकणं आणि गाडी खोलणं ही तिन्ही कामं तो एकाच वेळी करायचा.

"निजामभाई, हिला टर्बो करायचंय. पन एक हाय. माझ्या साडूला कळता कामा नाय. शब्द द्या."

निजामुद्दीननं बुद्धभूषणकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, मग पान डाव्या गालातून उजव्या गालात नेलं. "दिया जबान. किसीकू नै बोलता. असली टर्बो का माल मिलेगा, मगर एकेक करके. एक पार्टी है, उनकू निकालनाच है. आपके पुराने पार्ट मैं रख लेता."

"पार्टी कोन?"

"वो भी बोले, नाम नक्को लेना."

बुद्धभूषणला पार्टीशी काही घेणंदेणं नव्हतं. तो केव्हाच स्वप्नात शिरला होता. कंपनीत पट्ट्यावरून खोके सरकू लागले की त्याला ती हर्सूल तलावाकडची झाडं वाटायची, सकाळच्या कोवळ्या उन्हात मागं मागं जाणारी. पाण्यावरून थंड वारा यायचा. इंजिन गळ्यातल्या गळ्यात गुरगुरायचं. बुद्धभूषण हलकेच गिअर टाकायचा, आणि शेजारचा माणूस सांगायचा, "साहेब, माझं कोपर सोडा."

पहिल्यांदा सीटा आल्या. माणसाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या. शिवणीत बडीशेपेचे चार दाणे सापडले. बुद्धभूषणनं ते पुसून तोंडात टाकले आणि म्हणाला, "आधीचा मालक रसिक दिसतोय." मग स्प्रिंगा आल्या. गाडी चार बोटं खाली बसली, आणि घरापासून मंडईपर्यंत गतिरोधक किती आहेत ते सुलेखाला पाठ झालं. मग सायलेन्सर आला. तो लावला त्या दिवशी गल्लीतल्या चतुराबाईंनी वाळत घातलेले पापड उचलून घरात नेले. त्यांना वाटलं, आभाळ गडगडलं.

शेवटी इंजिन आलं.

त्यानंतरच्या रविवारी क्रांती चौकातल्या सिग्नलला बुद्धभूषण थांबला आणि शेजारी लाल गाडी येऊन उभी राहिली. आत राजकुमार. दोघांनी एकमेकांकडं न बघता एकमेकांना नीट बघून घेतलं. दिवा हिरवा झाला. बुद्धभूषणनं पाय दाबला आणि पांढरी गाडी अशी सुटली की सुलेखाच्या मांडीवरची मेथीची जुडी मागच्या सीटवर गेली. आरशात लाल गाडी लहान होत होत मिरचीएवढी झाली.

"बघितलं? टर्बोला मागं टाकलं. घडवलेल्या गाडीची बातच न्यारी."

"दाजी तर हसत होते," मेथी गोळा करत सुलेखा म्हणाली. "गादीवर लोळल्यासारखे बसलेले."

ते बुद्धभूषणनंही पाहिलं होतं आणि तेवढं एक त्याला खटकत होतं. हरलेला माणूस इतका सुखात कसा? पण तो पुन्हा तलावाकाठी पोचला होता. तिथं असले प्रश्न पडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात विमेवाले सांडूभाऊ आले. विम्याची मुदत संपत आली होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, मोबाईलचा उजेड पाडून इंजिनचा नंबर वाचला, मग गाडीचं पुस्तक वाचलं, मग पुन्हा इंजिन.

"भूषणभाऊ, पुस्तकात एक नंबर हाय आन् इथं दुसराच हाय."

"जरा काम केलंय गाडीचं."

"ते दिसायलंय. पन हा नंबर मी परवाच कुठंतरी पाह्यला." सांडूभाऊंनी मोबाईलमधले फोटो मागं सरकवले. "हे बघा. राजकुमार साहेबांचं पुस्तक. अन् तुमच्या पुस्तकातला नंबर त्यांच्या गाडीत. तेच कोडं घेऊन दोन दिवस झोपलो न्हाई मी."

बुद्धभूषण बॉनेटला धरून उभा राहिला. तोंडात उगीच बडीशेपेची चव आली.

अर्ध्या तासात तो शहागंजात होता. निजामुद्दीन गाडीखालून बाहेर आला, चेहरा बघून समजला आणि आधी पान थुंकून आला.

"निजामभाई, माझ्या साडूचं इंजिन माझ्यात घातलं?"

"इंजिन, सीटां, सायलेन्सर, सब. उनकी कमर गई. गाडी बेचने निकले, गिराक नै मिला. बोले, ये गाडी है के घोडा? नरम करके दो, मगर मेरे साडूकू मालूम नै होना. आप बोले, गरम करके दो, मगर मेरे साडूकू मालूम नै होना. मैं दोनोंकू जबान दिया. अब बोलो, मैं किसकू बोलता?"

"म्हंजी माझी गाडी त्यांच्याकडं हाय?"

"पत्रा आपका आपके पास है," निजामुद्दीननं धीर दिला. "वापस पलटी करूं? आपकी पहली गाडी आपकू, उनकी उनकू."

बुद्धभूषणनं डोळे मिटले. तलाव, झाडं, पाण्यावरचं ऊन. सगळं हळूहळू पोस्टमनच्या सायकलीच्या वेगानं जाऊ लागलं. "नको," तो घाईनं म्हणाला.

"तो फिर आरटीओ में नोंद करनी पडती. दोनों की सही लगती. एक टेबल पे."

सहा वर्षांत पहिल्यांदा बुद्धभूषण सिडकोतल्या त्या दारात गेला. बेल दाबायच्या आत दार उघडलं. राजकुमार चपला घालूनच उभा होता, हातात गाडीचं पुस्तक. सांडूभाऊंनी त्यालाही झोपू दिलं नव्हतं.

"मी तुमच्याकडंच निघालतो, भूषणराव."

"कंबर कशीय?"

"तुमच्या सीटवर बसल्यापासून आराम हाय." राजकुमारनं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "अन् ते इंजिन... लई जपायचो मी त्याला. सकाळी थंड असताना लगेच पळवू नका."

"नाय पळवत. माझ्या इंजिनाशी पन बोलत जावा अधूनमधून. एकटं पडलं की खोकतं ते."

आतून राजकुमारची बायको बघत होती. तिनं लगेच बहिणीला फोन लावला आणि त्यांचं बोलणं ऐकवत राहिली.

आरटीओत अर्ज गेला. नोंद व्हायला दोन महिने लागतील, असं कळलं. तोवर विम्याचं काय, पोलिसांनी अडवलं तर काय, यावर सांडूभाऊंनी खूप विचार करून एकच सल्ला दिला, "घरी ठेवा दोन्ही."

तो कुणीच ऐकला नाही. शेवटी दोघं साडू ठरवून एकत्रच निघू लागले. आधी पांढरी, मागं लाल. भाजीला दोघं, सासुरवाडीला दोघं. आणि दर रविवारी सकाळी हर्सूल तलावाच्या रस्त्याला. पाण्यावर धुकं तरंगत असायचं, पांढरी गुरगुरत पुढं जायची, लाल गाणं लावून सावकाश यायची, आणि बुद्धभूषण जागेपणी तेच बघायचा जे इतके दिवस खोक्यांमध्ये बघत होता.

अशाच एका रविवारी तपासणीच्या पथकानं त्याला हात केला. साहेब कडक होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, नंबर पाहिला, पुस्तक पाहिलं आणि चष्मा वर केला.

"ओ, या पुस्तकातलं इंजिन कुठाय?"

बुद्धभूषणनं खिडकीतून मान बाहेर काढली, लांब धुक्यातल्या लाल ठिपक्याकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "मागून येतंय, साहेब. जरा सावकाश चालवतात ते."