रामहरींचे पुरोगामी लग्न

मनुष्याने आयुष्यात निदान एकदा तरी पुरोगामी व्हावे, आणि त्यासाठी स्वतःच्या लग्नासारखा मुहूर्त नाही. सोलापुरात चौऱ्याहत्तर साली ही निकड रामहरींना जाणवली. (ते पाटबंधारे खात्यात होते. तिथे विचार करायला वेळ मिळतो.)

त्यांनी नोंदणी विवाह ठरवला. हुंडा नाही, भटजी नाही, अक्षता नाहीत, बँड नाही, मानपान नाही. (रुसणारे पाहुणे आले, पण कचेरीत त्यांना रुसून बसायला खुर्च्या नव्हत्या.) वधू विजयमाला, वैरागच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला तिची संमती तिलाच विचारून घेतली गेली, या विषयावर शहरात दोन व्याख्याने झाली. दोन्ही रामहरींनी दिली.

अट घातली ती फक्त मातोश्री सोनाबाईंनी. माळशिरसहून आल्या आल्या त्या म्हणाल्या, "तुझं समदं ऐकलं. सुनंचं नाव तेवढं बदलायचं. आपल्यात रीत हाय ती."

रामहरींनी तत्त्वाला धक्का न लावता हे मान्य केले. नाव ठरवायला समिती नेमली: आई, आत्या आणि ते स्वतः. 'भाग्यश्री' एकमताने मंजूर झाले. वधूला कळवायचे राहून गेले. समाजसुधारणेच्या गडबडीत असे होते.

ठरल्या दिवशी विवाह अधिकाऱ्यांनी तीन साक्षीदारांसमोर प्रतिज्ञा म्हणायला सांगितली. आईला दिलेल्या शब्दाला जागून रामहरी खणखणीत आवाजात म्हणाले, "मी रामहरी, भाग्यश्री हिचा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "या कोण? नोटिशीत तर नाहीत."

"ह्याच त्या," रामहरींनी शेजारी बोट दाखवले.

"मी विजयमाला," वधू म्हणाली.

"भाग्यश्रीबाईंशी करायचं असेल तर नवी नोटीस लावावी लागेल. हरकती मागवाव्या लागतील."

"माझी काही हरकत न्हाई," विजयमालाने पिशवी उचलली. "लावा की तिच्याशी. मला वैरागची गाडी हाय."

रामहरींचा चेहरा उतरला. व्याख्याने झालेली, साक्षीदार आलेले, आणि मुलगी मनापासून आवडलेली. त्यांनी प्रतिज्ञा पुन्हा म्हटली, या वेळी विजयमालाच्या नावाने. आवाज खणखणीत नव्हता, म्हणून तिने ती आणखी दोनदा म्हणवून घेतली आणि मगच पिशवी खाली ठेवली.

बाहेर आल्यावर सोनाबाई सुनेला हळूच म्हणाल्या, "माझं बी नाव म्हाळसा हुतं. चांगलं हुतं की."

रामहरींना हे ठाऊक नव्हते. त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

वाचकांना त्यांचे हसू आले असेल तर उत्तम. आता आपापल्या आईचे माहेरचे नाव सांगावे. मामाला विचारायचे नाही.