नानांचा शेवटचा सीझन

टीव्ही लावण्याआधी त्याच्यापुढे उसाची मोळी टाकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. तो आमच्या शेजारी राहतो, आणि त्या मोळीला दुर्दैवाने मीच जबाबदार आहे.

झालं असं, की दिवाळीनंतर एका दुपारी नानांनी मला हाक मारून एक पेनड्राइव्ह हातात दिला. त्याला चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. माधवनगरच्या आमच्या गल्लीत इंग्रजी असलेली कुठलीही वस्तू, मग ती औषधाची बाटली असो की मिक्सरचं माहितीपत्रक, आधी माझ्याकडे येते. मी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्याची ही शिक्षा आहे. मी चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, "सीझन तिसरा. शेवटचा."

याउपर एक अक्षर बोललो असेन तर शपथ. पण नानांचा चेहरा एकदम ड्युटीवर गेल्यासारखा झाला. "सीझन हाय व्हय?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टीव्हीच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधलेले, समोर पाच उसांची मोळी, टीव्हीच्या कपाळाला हळदकुंकू, आणि नाना नारळ घेऊन उभे.

"नाना, हे काय चाललंय?"

"आवं मास्तर, सीझन म्हणल्यावर मोळी टाकायला नगं व्हय? बिगर मोळीचा सीझन कुठं चालू करत्यात?"

नारळाचं पाणी टीव्हीशेजारच्या डिशच्या डब्यात गेलं आणि तो डबा कायमचा बंद पडला. आता त्यांच्या घरी बातम्या दिसत नाहीत. गल्लीतला सगळ्यात समाधानी माणूस नानाच का, याचं हे एक कारण असावं.

आमच्या भागात सीझन एकच, साखर कारखान्याचा. उसाची पहिली मोळी पूजून टाकली आणि धुराडं पेटलं की सीझन लागला, विझलं की संपला. आंब्याला आणि लग्नालाही सीझन असतो, हे नानांना मान्य नाही. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर फायरमन म्हणून गेली. सीझनमध्ये बॉयलर सोडून हलायचं नाही आणि जे काही करायचं ते धुराडं विझल्यावर, ही तिथली शिस्त. नाना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही शिस्त काही निवृत्त झाली नाही. दाढ दुखली, "सीझन संपल्यावर बघू." घराचं कौल फुटलं, "सीझन संपल्यावर बघू." लग्नाचंही तसंच झालं. ऐन जानेवारीत कराडकडची एक मुलगी सांगून आली होती. नानांनी निरोप पाठवला, सीझन संपल्यावर बघू. सीझन संपल्यावर खरोखरच बघायला गेले, ते थेट तिच्या लग्नात पोचले. जेवून आले. बुंदी चांगली होती, असं अजूनही प्रामाणिकपणे सांगतात. त्यानंतर कुणी सांगून आलं नाही आणि नानांनीही विषय काढला नाही.

तर असे हे एकटे नाना, आणि त्यांच्याकडे राहायला आलेले थोरले भाऊ आप्पा. आप्पा फौजेत हवालदार होते. वहिनी गेल्या, पाठोपाठ काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, तेव्हा नाना गावी जाऊन त्यांना ट्रंकेसकट घेऊन आले. आप्पा कमी बोलतात. पण उत्तरेतल्या डोंगरात पोस्टिंगला असताना युनिटच्या व्हिडिओवर बघितलेल्या एका जुन्या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला की त्यांची कळी खुलते. मालिकेचे दोन सीझन त्यांनी बघितले, आणि तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. तिसरा राहिला. माणसाला आयुष्यात कशाकशाची खंत असते. आप्पांना त्या तिसऱ्या सीझनची होती.

ती दूर केली त्यांच्या मुलाने, प्रकाशने. प्रकाश पुण्यात असतो आणि माझाच विद्यार्थी आहे. त्याने कुठूनतरी तो सीझन मिळवला, पेनड्राइव्हवर घातला आणि आणून दिला. आंधळ्या बापाला बघायला मालिका, तीही इंग्रजी. आपण शिकवण्यात कुठे कमी पडलो, ते मला त्या दिवशी कळलं. मोळीच्या दिवशी पुण्याला परत निघताना तो माझ्यासमोरच म्हणाला, "आप्पा, एवढं झालं की पुण्याला यायचं. तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय." आप्पा म्हणाले, "बरं. सीझन संपला की येतो." नाना तिथेच उभे राहून ऐकत होते. मला तेव्हा त्या उत्तरात काही विशेष वाटलं नाही.

आता मालिकेविषयी. घोडे, बंदुका आणि धूळ यांच्या त्या मुलखात पूर्वेकडचा एक साधू पायी चाललेला असतो. त्याला पश्चिमेच्या समुद्रावर जाऊन आपल्या देशाचं जहाज गाठायचं आहे. वाटेत प्रत्येक गावात त्याला कुणीतरी विनाकारण मारायला येतं. तो आधी खूप वेळ चांगलं बोलतो. समोरच्याला ते पटत नाही. मग हा नुसत्या हातांनी आठ-दहा बंदूकवाल्यांना आडवं करतो, पुन्हा थोडं चांगलं बोलतो आणि पुढच्या गावाला लागतो. बंदूकवाले असून त्यांना एकही गोळी नीट मारता येत नाही. हे मी आप्पांना एकदा म्हणालो, तर आप्पा म्हणाले, "आमच्या युनिटमदी पन व्हते तसले दोघंतिघं."

रोज दुपारी तीनला नाना तोंडाने कारखान्याचा भोंगा वाजवत. गल्लीतल्या बायका त्यावर चहाचं आधण ठेवायला लागल्या. मग आप्पांना खुर्चीत बसवायचं, डोक्यावरचा पंखा लावायचा आणि टीव्ही सुरू करून शेजारी उभं राहून मराठीत सांगायचं, असा कार्यक्रम. नानांना इंग्रजी येत नाही. त्यामुळे त्यांना काही अडचण पडली नाही.

"म्हाराज आला बघा आप्पा. समोर सहा घोडी."

"मुलूख कसला हाय?"

"आपल्या जतसारखा. नुस्ता माळ. बाभळ पन न्हाई."

"पायात काय हाय म्हाराजाच्या?"

"काय न्हाई. अनवानी हाय."

आप्पा चुकचुकले. "काटं असतील की रं."

तेवढ्यात पडद्यावरचा साधू काहीतरी बोलला आणि नानांनी ताबडतोब सांगितलं, "म्हाराज म्हणतोय, गड्या, बंदूक खाली ठेव, आदी जेवून घे."

मला राहवलं नाही. "नाना, तो फक्त पाणी मागतोय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमचं विंग्रजी पुस्तकातलं हाय. मानूस उन्हातनं आलाय, त्याच्या तोंडाकडं बघा की जरा." आप्पा म्हणाले, "बराबर हाय." तीस वर्षांच्या नोकरीचा असा निकाल लागल्यावर मी पुन्हा भाषांतरात पडलो नाही. अधूनमधून नुसता जाऊन बसायला लागलो. खरं सांगायचं तर नानांचा साधू मूळच्या साधूपेक्षा बरा होता. मूळचा फार उपदेश करायचा. नानांचा मारामारी झाल्यावर पडलेल्यांची विचारपूस करायचा.

सीझनचे भाग वीस-बावीस. शनिवारी साप्ताहिक सुट्टी, ती नानांनी कारखान्याच्या पद्धतीने सोडली नव्हती. तरीही सगळं महिनाभरात आटपायला हवं होतं. संक्रांत झाली, साधू चाललेलाच. शिवरात्र झाली, साधू चाललेलाच. शेवटी खऱ्या कारखान्याचं धुराडं विझलं, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, पाडवा झाला, तरी साधूला समुद्र काही लागेना. एका गावात म्हातारीचं घर शाकारून दिलं. दुसऱ्या गावात विहिरीचा गाळ काढायला थांबला. मध्येच टीव्हीचा आवाज गेला. नाना म्हणाले, स्पीकरमध्ये झुरळ शिरलंय. मग घोड्यांच्या टापाही नानाच मांडीवर वाजवू लागले. एका दुपारी मी पडद्यावरचा आकडा नीट बघितला. नववा भाग होता. दुसऱ्या दिवशी बघितला. नववाच होता.

मी नानांना स्वयंपाकघरात गाठलं. ते चहा करत होते.

"नाना, हा सीझन कधीच संपलाय ना?"

नानांनी गॅस बारीक केला. बाहेर आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "पौषातच संपला. म्हाराज जहाजात बसला, गेला बी."

"मग हे काय चाललंय? आंधळ्या माणसाला फसवताय तुम्ही."

"फसवतोय," नाना म्हणाले. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. "मास्तर, बॉयलर बंद झाल्यावर कसं व्हतं तुमाला ठावं न्हाई. इतकं महिनं त्यो कानात घुमत असतोय, आनि एक दिस सगळं गप. घरी आलो की ती शांतता खायला उठायची मला. तुमाला बायकापोरं हायती. मला कोन व्हतं? आप्पा आल्यापास्नं घरात खोकलं तरी कुनीतरी इचारतंय, का रं, काय झालं. त्यो गेला की ह्या घरात मी आनि ह्यो टीव्ही." त्यांनी कप पुसून पुढे ठेवले. "पक्याचं बी चूक न्हाई. पोरगा हाय त्यो. त्याला न्ह्यायचा हक्क हाय. मला आडवायचा न्हाई. म्हनून म्हाराजाला आडवतोय."

माणसाला टोमणे मारायची सवय असली की अशा वेळी बोलायला दुसरं काही सुचत नाही. मी चहा घेतला आणि घरी आलो. आप्पांना सांगायला हवं, असं वाटत होतं. सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी प्रकाश आला. बरोबर गाडी आणली होती. गल्लीच्या तोंडाशी भेटला आणि म्हणाला, "सर, आज आप्पांना घेऊनच जाणार. मालिका मी स्वतः मोजून दिली होती. पाडव्यापर्यंत पुरेल एवढी नव्हती ती." गणित चांगलं होतं पोराचं, फक्त इंग्रजी कच्चं. मी त्याच्या मागोमाग निघालो. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण नाना एकटे सापडू नयेत एवढं वाटत होतं.

आत शिरलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. नाना टीव्हीशेजारी उभे राहून हातवारे करत सांगत होते. "ताप काय उतरंना आप्पा. म्हाराज घोंगडं घिऊन पडलाय. गावातली मानसं भाकरी आनून देत्यात." आणि टीव्ही काळाठिक्कर. सगळ्या गल्लीची लाईट गेली होती. नानांना सांगण्याच्या भरात ते आठवलंच नव्हतं, किंवा आठवायची गरज वाटली नव्हती.

प्रकाशने टीव्हीकडे बघितलं, मग काकांकडे. "काका, लाईट कुठंय? टीव्ही बंद आहे की."

नाना तसेच उभे राहिले, एक हात वर धरलेला. त्यांचा चेहरा मला बघवेना. चोरी पकडली गेलेली पोरं मी वर्गात आयुष्यभर बघितली, पण एकही इतकं घाबरलेलं नव्हतं.

आप्पांनी तोंड आवाजाकडे वळवलं. "पक्या आला व्हय? बस." त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता आणि ते त्याने वारा घेत होते. कपाळावर घाम होता. "लाईट जाऊन तास झाला. पंखा थांबल्याला मला कळत न्हाई व्हय? डोळं गेल्यात, घाम येतोय अजून."

"मग हे इतका वेळ..."

"ऐकतोय."

आप्पा पुठ्ठा हलवत म्हणाले, "टीव्हीवरचा कवाच संपलाय. दोन महिनं झालं, त्यो म्हाराज शाळूची भाकरी आनि खर्डा खातोय. अमेरिकेत कुठनं आला शाळू?"

नानांचा वर धरलेला हात खाली आला. ते भिंतीला टेकले. "आप्पा, चुकलं माजं," एवढं म्हणून ते खाली बघत राहिले.

प्रकाश बापाजवळ बसला. वाईट पोरगा नाही तो. त्याने आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हीच शब्द दिला होता आप्पा. सीझन संपला की येतो. मग संपलाय तर चला ना. खोली तुमच्यासाठी तशीच रिकामी ठेवलीय."

"शब्द दिलाय. संपला आसंल तर येतो." मग आप्पांनी, मी जिथे उभा होतो बरोबर त्या बाजूला मान वळवली. "मास्तर, तुमी विंग्रजीचं मानूस. तुमीच सांगा. संपला का सीझन?"

नोकरीत मी एका मार्कासाठी पोरं नापास केली आहेत. त्यातल्या एकाचे वडील घरी येऊन रडले, तरी मी मार्क वाढवला नाही. प्रकाशला तर खोटं बोलला म्हणून सहामाहीच्या आधी वर्गाबाहेर उभा केला होता. तो आता माझ्याकडे बघत होता आणि नाना बघत नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "अजून पुष्कळ ऊस उभा आहे."

प्रकाश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली, बूट काढून दारात ठेवले आणि आप्पांच्या हातातला पुठ्ठा घेऊन स्वतः वारा घालायला लागला.

"हां," आप्पा खुर्चीत मागे टेकले. "का थांबलास रं नान्या? ताप उतरला का न्हाई त्याचा?"

नानांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, दोनदा घसा साफ केला.

"उतरला आप्पा," ते म्हणाले. "पन अंगात ताकद न्हाई. एवढ्यात त्याला चालवायचं न्हाई."