काजूच्या शेडीतील पाटांची मोहीम

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या हाती पळी, तिचे राज्य अक्षय्य असो. शके १९३० सर्वधारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, समुद्राकाठच्या कोणे एके राज्यी उजाडते समयी सामसूम असता पाळण्याची कडी कुर्रकन वाजली, आणि दर्शनाबाई परब जाग्या जाहल्या, आणि धाकट्यास पाजून, थोरली तन्वी चार वर्षांची, तिची वेणी घालून, तिला शेजारी सोडून, धाकट्यास काखोटीस मारून काजूच्या शेडीस निघाल्या. त्या शेडीचा रिवाज ऐसा की, काजू सोलणारीने पहिल्या दिवशी घरून पाट आणावा आणि मांडावा. मग जेथे जिचा पाट तेथे तिची गादी.

ऐसियास त्या साली मंदी आली. ती कोठून आली, कोणी धाडिली, हे कोणास कळले नाही, परंतु परमुलखीची मागणी तुटली, आणि शेठ कपाळास बाम चोळून दारी उभे राहिले आणि बोलिले, "लेकुरवाळ्यांनी सोमवारपासून येऊ नये. पोरास पाजावयास उठता, त्यात कामाची घडी जाते." ऐशा तीस बाया भरल्या, त्यांत दर्शनाबाई. मग बाकीच्या सत्तर रागे भरल्या आणि म्हणो लागल्या, "आपण सगळ्याच उठू." दर्शनाबाई बोलिल्या, "उठू गे, पण बंदरावरच्या कोळंबीवाल्या आणून बसवील तो, मग?" यावर सर्व आपापल्या पाटावर परत बैसल्या, कारण गेल्या शिमग्यास भाव पडला म्हणून कोळंबी सोलणाऱ्यांनी काम टाकिले, तेव्हां ह्याच बाया तेथे जाऊन बसल्या होत्या.

मग दर्शनाबाई धाकट्यास घेऊन एकट्याच बंदरी गेल्या. कोळंबीवाल्यांच्या म्होरक्या जायूबाई तांडेल बर्फाच्या कारखान्याच्या सावलीस जेवीत होत्या, त्यांनी वर न पाहता विचारिले, "आज कोळंबीच्या वासाला नाक नाही दाबलंस ते?"

"दाबणार होते, पण पोराने हात अडकवलाय."

"शिमग्याला माझ्या पाटावर कोण बसली होती गे?"

"मीच. पोटात हा होता, आणि घरात काही नव्हतं. चुकलं माझं."

जायूबाई भात कालविता कालविता म्हणाल्या, "पाट कसा होता?"

"एका अंगाला डुगडुगतो."

"नवऱ्याने केलाय मेल्याने," ऐसे बोलून जायूबाई हसल्या, आणि सरकल्या, आणि सावलीत जागा जाहली. मग उभयतांनी मिठाचा खडा हाती घेऊन करार केला की, एकीच्या पाटावर दुसरीने बसो नये, मग तो काजूचा असो की कोळंबीचा.

सोमवारी शंभर बाया पाट तेथेच ठेवून बाहेर आल्या. शेठनी टेम्पो धाडून साठ कोळंबीवाल्या आणविल्या, आणि त्या आल्या, आणि उभ्याच राहिल्या.

"बसा की," शेठ बोलिले.

"कुठे?"

"एवढे पाट पडलेत."

"ते ज्यांचे त्यांचे, शेठ. दुसरीच्या पाटावर बसलं की कंबर धरते."

मग शेठनी मांडववाल्याकडून लाल खुर्च्या मागविल्या, आणि बाया पदर सावरून लग्नास आल्याप्रमाणे बैसल्या, आणि जायूबाई म्हणाल्या, "बरं वाटलं. पण इथून खाली सुपापर्यंत हात पोचत नाही हो. चहा सांगताय ना?" ऐसे दोन दिवस चालले, आणि काजू सोलला गेला नाही, आणि खुर्च्यांचे भाडे चढले. तिसरे दिवशी शेठ नरमले, आणि तह जाहला की, कोणीही निघणार नाही. मंदी आहे तोवर सर्वांनी चार दिवस काम करावे, तीन दिवस घरी बसावे. आणि पोरांच्या झोळ्या बांधावयास शेडीत एक वासा मोकळा द्यावा. मंदी बंदरासही पोहोचली होती, म्हणून तेथेही तोच तह जाहला.

सारांश, राज्य राहिले, पाट राहिले, भाकरी तेवढी आखूड जाहली. पुढे गुरुवारी, घरी बसण्याचे दिवशी, दर्शनाबाई तन्वीची वेणी सावकाश घालीत होत्या, आणि एक लांबची गोष्ट सांगत होत्या, आणि तन्वी मांडीस टेकून डोळे मिटून ऐकत होती. गोष्ट सरली तेव्हां तिने विचारिले, "आई, ही मंदी संपू नये म्हणून कुणाला सांगायचं?"